बिनपावतीचा कॅमेरा

मुळशीतल्या भरे गावच्या हैबतरावांनी पिरंगुटच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली, आणि या एकतीस वर्षांत खोक्यावर जे लिहिलंय तेच खोक्यात आहे, यावर त्यांनी एकदाही विश्वास ठेवला नाही. नटबोल्टचं पोतं आलं तरी ते उपडं करून बघत. निवृत्त झाल्यावर माल यायचा थांबला, पण तपासायची सवय थांबली नाही, ती घराकडे वळली. गॅसचा सिलेंडर आला की आणणाऱ्याला दारात उभं करून वजनकाटा मागत. दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचत, एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून. लग्नाची पत्रिका आली तर आधी मागची बाजू बघत.

सगळ्यात जास्त संशय त्यांना मोबाईलचा. त्याला कारणही घडलं होतं. त्यांची लेक गौतमी हिंजवडीला नोकरीला आणि तिथंच राहायला. ती आली असताना तिच्या दीड वर्षांच्या आरोहीच्या अंघोळीचं शूटिंग हैबतरावांनी हौसेनं मोबाईलवर केलं. दुसऱ्या दिवशी बातम्या वाचायला मोबाईल उघडला, तर बाळाचा साबण, बाळाचा टब, बाळाची पावडर, बाळाच्या टाळूचं तेल.

"ह्याला कुणी सांगितलं?" ते ओरडले.

"कुणाला?" त्यांच्या पत्नी साधनाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"ह्या मोबाईलला! आपल्या मोरीत काय चाललंय ते पार कुटंतरी बघत्यात."

त्या दिवसापासून ते मोबाईल टेबलावर पालथा ठेवू लागले. "आवो, पालथा ठेवला तर वर दुसरा कॅमेरा येतोय की," असं साधनाबाईंनी दाखवून दिलं, तेव्हा ते त्याच्यावर टोपी ठेवू लागले. पुढं दोन महिने त्यांना आलेला प्रत्येक फोन टोपीखालून वाजला.

तर अशा माणसाला व्हिडिओ कॅमेरा घ्यावासा वाटला, तो नेरे गावात. तिथं त्यांची थोरली बहीण सारजाबाई दिलेली. तिच्या सासूबाई, रंभाबाई, नव्वदीच्या होऊन गेल्या आणि दशक्रियेला हैबतराव गेले. हार घातलेला फोटो बघून ते जागच्या जागी थबकले. म्हातारीचा एकटीचा फोटोच कुणी कधी काढला नव्हता. कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून तिला कापून मोठं केलेलं. चेहरा पिठासारखा विरघळलेला, डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात, आणि उजवीकडे अर्ध्या जिलेबीचं ताट. नव्वद वर्षं जगलेली बाई, आणि मागं राहिलं ते हे.

हैबतरावांची आई तुळजाबाई तेव्हा चौऱ्याऐंशीची होती. परतीच्या वाटेवर त्यांनी मनाशी ठरवलं की आईचं नीट शूटिंग करायचं. चांगल्या उजेडात, तिच्या आवाजासकट, एकटीचं. आणि ते मोबाईलवर नाही. आईच्या बोलण्यावरून उद्या काठ्यांच्या आणि कवळ्यांच्या जाहिराती यायला नकोत. फक्त शूटिंग करणारं, इंटरनेटशी कसलाही संबंध नसलेलं, साधं, परवडणारं यंत्र पाहिजे.

अडचण एकच होती. हे कशासाठी, ते कुणाला सांगता येत नव्हतं. जिवंत आईबद्दल 'नंतर बघायला' असं तोंडातून काढायचं कसं? म्हणून कुणी विचारलं की हैबतराव म्हणत, "असंच." आणि हैबतरावांसारखा माणूस काहीही 'असंच' करत नाही, हे अख्ख्या भऱ्याला माहीत होतं. पुढं जे झालं त्याचं मूळ या एका शब्दात आहे.

गौतमीनं फोनवर चार लिंका पाठवल्या. हैबतरावांनी माल बघण्याआधी तो वाखाणणारी माणसं बघितली. एकानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'अजून उघडला नाही, पण खोका मजबूत आहे.' दुसऱ्यानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'मिक्सर छान चालतो.' तिसऱ्यानं एकच तारा दिला होता, पण कारण दिलं नव्हतं. हैबतरावांचा विश्वास बसला तो फक्त त्या तिसऱ्यावर.

मग ते साधनाबाईंना घेऊन पुण्यात गेले. दुकान मोठं, थंडगार. काळा टीशर्ट घातलेला विक्रेता पुढं आला.

"कॅमकॉर्डर? काका, यूट्यूब चॅनल आहे का तुमचं?"

"नाही."

"मग मोबाईल घ्या ना. कॅमकॉर्डर आता कोण घेतं? बरं, बजेट काय आहे?"

इथं हैबतराव सावध झाले. पुरवठादाराला आपला आकडा आधी सांगायचा नाही, हे ते एकतीस वर्षं पाळत आलेले. "आधी तुमची किंमत सांगा," ते म्हणाले.

"काका, बजेट कळल्याशिवाय कुठला दाखवू?"

"दाखवल्याशिवाय बजेट कसं ठरवू?"

दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. शेवटी साधनाबाईंना उभं राहवेना. "वीस हजार," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. हैबतरावांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की जणू त्यांनी गोदामाची किल्ली चोराच्या हातात दिली.

"वीसमध्ये हा बसतो," विक्रेत्यानं एक चकचकीत खोकं काढलं. त्याच्यावर मेगापिक्सेल होते, 'के' होते, सोळापट झूम होता, आणि हसणारं परदेशी कुटुंब होतं. माहितीपत्रक अठरा भाषांत होतं, पण बनवणाऱ्याचा पत्ता एकाही भाषेत नव्हता. हैबतरावांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर कॅमेरा धरला आणि झूमचं बटण दाबलं. घड्याळ जवळ आलं, आणखी जवळ आलं, आणि मग त्याचे चौकोन चौकोन झाले. काटा कुठला आणि आकडा कुठला, ते कळेना.

"किती वाजले सांगा," हैबतराव म्हणाले.

विक्रेत्यानं पडद्यात बघितलं, मग मान वर करून भिंतीवर बघितलं. "सव्वाबारा."

"पडद्यात बघून सांगा."

"काका, हा डिजिटल झूम आहे. आहे तेच चित्र ताणून मोठं करतो. खरा झूम भिंगाचा. तो पाहिजे तर हे बघा." त्यानं काचेच्या कपाटातला एक दाखवला आणि किंमत सांगितली.

"एवढ्यात दुभती म्हैस येती," साधनाबाई स्टुलावरून म्हणाल्या.

"पण मावशी, म्हैस शूटिंग करत नाही."

"न्हाई करत. पर ती दूध तरी देती."

त्या मुलानं काचेचं कपाट बंद केलं. नवराबायको बसनं परत आले. येताना हैबतराव एकदाच बोलले, "घड्याळ बघून सांगितलं त्यानं."

भऱ्याला पोचेपर्यंत बातमी पुढं गेली होती. शेजारचे बहिरू कुंपणाशी उभेच होते. बहिरू मूळचे शेतकरी, आता आठ खोल्या बांधून त्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या.

"हैबतराव, कॅमेरा घेताय म्हणं?"

"व्हय."

"कशापायी?"

"असंच."

बहिरूंनी डोळे बारीक केले. आठातल्या तीन खोल्यांना परवानगी नव्हती, आणि ते गावात बहिरूंखेरीज फक्त सगळ्यांना माहीत होतं. "घ्यायचाच तर घरावर लावायचा घ्या," ते सावधपणे म्हणाले. "तुमच्या दाराकडं तोंड करून. आमच्याकडं नगं."

शेवटी कॅमेरा मिळाला तो धाकलूकडून. धाकलू डोंगराकडच्या वाडीतला, पण पंचक्रोशीतल्या लग्नांचं शूटिंग तोच करायचा, आणि काम इतकं चोख की मुहूर्त पुढंमागं होई पण धाकलूची तारीख ठरलेली राही. त्याचा जुना व्हिडिओ कॅमेरा पडून होता.

"आता ह्याला कोन इचारतंय, काका," तो म्हणाला. "नवरी म्हनती ड्रोन पायजे. नवरी हितं, आन कॅमेरा घारीसारखा वर. पर यंत्र एक नंबर हाय. भिंगाचा झूम, तीसपट."

हैबतरावांनी अंगणात सतरंजी अंथरून मालाची तपासणी केली. कॅमेरा हलवून कानाशी धरला. उलटा करून त्याचा नंबर लिहून घेतला. बॅटरी काढली, घातली, परत काढली. घराच्या भिंतीचं अर्धा तास शूटिंग करून ते भिंत हलते का म्हणून अर्धा तास बघितलं. मग झूम लावला, तर चौथ्या घरामागच्या पाण्याच्या टाकीवरची बारीक अक्षरं लख्ख वाचता आली. टाकीमागून एक डोकं दिसलं, तेही लख्ख. बहिरू होते. त्यांनी हात जोडले आणि खाली बसले.

धाकलूनं किंमत वाजवी सांगितली, आणि जुनी तिपाईसुद्धा वर दिली. हैबतराव इतके खूश झाले की आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पावती न घेता माल आत घेतला. धाकलूकडे तरी कुठली? त्यानंही तो दुसऱ्याकडून घेतलेला. दोन दिवसांनी हे हैबतरावांच्या लक्षात आलं, तेव्हा ते जेवता जेवता थांबले. "हा चोरीचा आसला तर?"

"धाकलू पोरगा कसा हाय ते तुमाला म्हाईत हाय," साधनाबाई म्हणाल्या.

"त्याचं न्हाई म्हनत मी. त्याच्या आधीच्याचं म्हनतोय. आन त्याच्याही आधीच्याचं."

तरी दुसऱ्या सकाळी ते तिपाई घेऊन मळ्यात गेले, कारण उजेडाचा अंदाज घ्यायचा होता. बांधाच्या कडेला सपाट जागा बघून त्यांनी तिपाई रोवली, वर कॅमेरा बसवला, एक डोळा मिटून आत बघितलं, दहा पावलं मागं गेले, हातानं खूण केली, परत आले.

आता मुळशीत, जमिनीला सोन्याचे दिवस आलेले असताना, बांधावर तिपाई रोवून एक डोळा मिटणारा माणूस कशाचं तरी शूटिंग करतोय, असं कुणीही समजत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन दुचाक्या थांबल्या. एक ट्रॅक्टर थांबला. दहा मिनिटांत गावात कळलं की हैबतरावांच्या सामाईक रानाची मोजणी चालू झाली. बहिरूंनी त्यात माहितीची भर घातली, की वरच्या ऑफिसातनं त्यांना खास यंत्र दिलंय, त्यातनं भिंतीपलीकडचंसुद्धा दिसतं, आणि रानाबद्दल म्हातारीचा जबाबही ते त्यातच भरून घेणार आहेत.

हैबतरावांचा धाकटा भाऊ रामदास त्याच अंगणात पलीकडच्या घरात राहायचा. रान दोघांचं सामाईक, सातबाऱ्यावर आईचंही नाव. आई सकाळचा चहा हैबतरावांकडे घेई आणि संध्याकाळची भाकरी रामदासकडे खाई. दोघा भावांत भांडण नव्हतं, पण बोलणंही फारसं नव्हतं. गेल्या महिन्यात रामदासच्या फाटकाशी एक पांढरी गाडी तीनदा येऊन गेली होती. हैबतरावांनी ती खिडकीतून तिन्ही वेळा बघितली आणि विचारलं नाही. आता रामदासनं तिपाई बघितली, आणि त्यानंही विचारलं नाही. तो सरळ तलाठ्यांकडे गेला आणि हरकतीचा अर्ज देऊन आला. 'माझे वडीलबंधू हे सामाईक क्षेत्रात परस्पर यंत्र लावून मोजणी करीत असून, आमच्या वृद्ध मातोश्रींचा व्हिडिओद्वारे जबाब घेण्याचा त्यांचा इरादा असल्याचे समजते.'

हुद्द्याचं नाव आता लांबलचक झालंय, पण गावासाठी ते तलाठी भाऊसाहेबच. त्यांनी हैबतरावांना बोलावून घेतलं. हैबतराव इस्त्रीचा सदरा घालून, कॅमेरा कापडी पिशवीत घेऊन गेले. अर्ज वाचला तेव्हा त्यांचे कान तापले. रामदास त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याला चौथीपर्यंत पाढे त्यांनी शिकवले होते.

"भाऊसाहेब, हा साधा कॅमेरा आहे. कौटुंबिक," ते कचेरीसाठी राखून ठेवलेल्या भाषेत म्हणाले.

भाऊसाहेबांनी कॅमेरा लांबूनच न्याहाळला. "असेल. पण माझ्याकडे अर्ज आलाय. मी कागदाला कागदानं उत्तर देणार. हे मोजणीचं यंत्र नाही, असा काही कागद?"

"असा कागद कसा असेल?"

"खरेदीची पावती? त्यावर वस्तूचं नाव असतं."

हैबतरावांनी मान खाली घातली. एकतीस वर्षांत त्यांनी पावती नाही म्हणून किती ट्रक फाटकावरून परत पाठवले असतील! कुणी डोळ्यांत पाणी आणलं तरी द्रवले नाहीत. आज ते फाटकाच्या बाहेरच्या बाजूला उभे होते. "पावती नाही," ते म्हणाले, आणि आवाज स्वतःलाच ऐकू आला नाही म्हणून परत म्हणाले, "नाही पावती."

"मग विकणाऱ्याकडून लिहून आणा."

धाकलू धरणाच्या पाण्यावर कुणा नवरानवरीचं शूटिंग करत होता. हैबतराव तिथपर्यंत गेले आणि नवरी पाण्यात पदर सोडेपर्यंत, परत सोडेपर्यंत, आणि तिसऱ्यांदा सोडेपर्यंत काठावर पिशवी घेऊन उभे राहिले. धाकलूनं सगळं ऐकलं, आपल्या स्टुडिओचा कागद काढला आणि गाडीच्या सीटवर ठेवून लिहून दिलं, 'सदर कॅमेरा हा लग्नाचा असून जमिनीचा नाही.' खाली सही आणि शिक्का. शिक्क्यात दोन हृदयं होती.

भाऊसाहेबांनी तो कागद गंभीरपणे वाचला, आवक नोंदवहीचा क्रमांक टाकला आणि फाईलला लावला. "माझं काम झालं," ते म्हणाले. "आता भावाशी बोला."

पण बोलायचं कसं? 'मी आईचं शूटिंग करतोय' म्हटलं की पुढचा प्रश्न 'कशाला' हाच येणार. घरी पोचले तर नेऱ्याहून सारजाबाईचा फोन टोपीखाली वाजत होता.

"हैबती, आईचा जबाब घेतोयस म्हणं! मला लेकीच्या जातीला काय म्हाईतच पडू द्यायचं न्हाई व्हय? मी रविवारी येती. तवर आईम्होरं ते यंत्र धरलंस तर बघ!"

हैबतराव हतबुद्ध झाले. आपली सख्खी बहीण, सख्खा भाऊ, दोघांना आपण चोर वाटावे? अपमान इतका झाला की ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. मात्र पांढऱ्या गाडीवरून आपल्यालाही रामदास चोर वाटला होता, हे त्यांच्या मनात त्या वेळी आलं नाही.

रविवारी सगळे जमले. पडवीत खुर्चीवर तुळजाबाई, अंगावर कोरं नऊवारी लुगडं. समोर अंगणात, चांगली पंधरा पावलं लांब, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग. तिच्यात रामदास, सारजाबाई आणि सोनल, म्हणजे रामदासची बायको. साधनाबाई चहा देऊन रांगेच्या टोकाला बसल्या. कोर्टात तारखेला आल्यासारखी सगळ्यांची तोंडं. गौतमी यायची होती, पण आरोहीला सर्दी. कुंपणापलीकडे बहिरू आपल्या भिंतीला पाणी मारत होते, आणि त्या भिंतीला बांधून सहा वर्षं झाली होती.

हैबतरावांनी तिपाई मध्ये रोवली. "कुणाला काय शंका नगं म्हनून सगळ्यांच्या देखत काढतोय," ते म्हणाले. "आई, बोल."

तुळजाबाईंनी नुसता पदर सारखा केला.

"आई, बोल की कायतरी."

"काय बोलू? तुला काय वदवून घ्यायचंय?"

खुर्च्यांच्या रांगेत चुळबुळ झाली. रामदास म्हणाला, "बघा!"

"मला कायबी वदवून घ्यायचं न्हाई! तू आपलं... असंच बोल."

"असंच कोन बोलतंय?" म्हातारी म्हणाली. "आन त्यात काय दिसतंय ते मला कळाया नगं? आन ते हिकडं."

हैबतरावांनी तिपाईवरून कॅमेरा काढला, बाजूचा छोटा पडदा उघडला आणि आईच्या मांडीवर दिला. दाखवताना, ती बोलेपर्यंत म्हणून थांबवलेलं शूटिंग चालू झालं, अंगठा झूमच्या बटणावर पडला, आणि कॅमेरा होता खुर्च्यांच्या दिशेला. तुळजाबाई पडद्यावर वाकल्या.

"ही जाडी बाई कोन?"

"आई, ती आक्का हाय. सारजाआक्का."

"सारजी?" म्हातारीनं पडदा डोळ्यांजवळ नेला. "सारजे, तुझं गाल कुटनं आलं गं एवढं? आन कपाळावर हे काय झालंय?"

"अगं, पडली नव्हती का मी गेल्या साली, टाके घातले ते," सारजाबाई लांबून म्हणाल्या. "तवापास्नं चारदा येऊन गेली की मी. बघितलं न्हाईस व्हय?"

तुळजाबाईंच्या हातातला कॅमेरा हळूहळू डावीकडे फिरला. "आन हा म्हातारा कोन बसलाय?"

सगळ्यांनी रामदासकडे बघितलं. मग रामदास म्हणाला, "आई, मी हाय."

"रामदास? तुझं केस कदी पिकलं?"

रामदासनं डोक्यावरून हात फिरवला. केस पिकून वर्ष उलटलं होतं. हैबतराव खाली वाकले. "आई, तुला रामदास दिसत न्हाई? रोज संध्याकाळी भाकरी खातीस की तितं!"

"भाकरी दिसती. ताट दिसतंय. तो दारात बसतोय, तितं निसता सदरा दिसतोय." म्हातारीनं डोळे पडद्यावरून काढले नाहीत. "जवळचं लख्ख हाय. लांबचं समदं धुकं. तोंडं दिसत न्हाईत कुनाची. गेल्याच्या गेल्या दिवाळीपास्नं."

"पर तू तर तांदूळ निवडतीस!" साधनाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "सुईत दोरा ववतीस!"

"ते हातात आस्तंय."

"सांगितलं का न्हाईस?" हैबतराव म्हणाले.

"सांगितलं आस्तं तर डोळं कापाया नेलं आस्तंस. तुमचा काय भरवसा?" मग ती जरा थांबली. "तुमी लांब बसून बोलता. हसताय का रागावलाय, कळत न्हाई. मला वाटायचं, माझंच काय तरी बोलत्यात."

हैबतराव पडवीच्या पायरीवर बसले. एकतीस वर्षं खोक्याला पडलेली चीर ज्या माणसाच्या नजरेतून सुटली नाही, त्याला रोज सकाळी समोर बसून चहा घेणाऱ्या आईला आपलं तोंड दिसत नाही, हे दोन वर्षांत कळलं नव्हतं.

म्हातारीला मात्र आता रंग चढला होता. झूम कसा ओढायचा ते अंगठ्याला कळलं होतं. "सोनल, पदर नीट घे. बस सावलीत. सारजे, डोळं पुसू नगं, नीट दिसू दे मला. रामदास, हाल नगं. ती पांढरी गाडी कुनाची येती रं?"

रामदास चपापला. "तुला गाडी दिसली?"

"कान हायेत की मला. तीनदा आली. रान इकतोयस?"

"न्हाई, आई."

"बघ हिकडं. ह्यात बघ." म्हातारीनं झूम आणखी ओढला. "आता सांग."

रामदासनं भिंगाकडे बघितलं. इतका वेळ कोर्टात बसल्यासारखा असलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा दिसू लागला. "इकत न्हाई. तो खोल्या बांधून देनारा हाय. बांधाकडच्या तुकड्यात आठ-धा खोल्या काढायच्या, भाड्यानं द्यायच्या. दादाला सांगितलं तर न्हाई म्हनंल, म्हनून बोललो न्हाई. मग दादानंच बांधावर यंत्र लावलं. मला वाटलं, दादाला कळलं आन त्यानं मोजून घ्यायला काढलं."

"मी न्हाई कदी म्हनलो?" हैबतराव पायरीवरून ओरडले.

"इचारलंच कुटं मी!"

"मग इचार की! परवानगी काढून बांधनार आसलास तर माझी काय हरकत हाय?"

कुंपणापलीकडचं पाणी बंद झालं.

"गप बसा दोगंबी," तुळजाबाई म्हणाल्या, आणि कॅमेरा पायरीकडे वळला. हैबतराव अगदी जवळ होते, त्यामुळे पडद्यात आधी त्यांचं नाकच आलं. म्हातारीनं बटण उलटं दाबून चेहरा आणला. "आन तू रं? माझं एकटीचं कशाला काढत व्हतास?"

"असं..." ते म्हणाले, आणि पुढचं अक्षर आलं नाही. सगळे बघत होते. भिंग बघत होतं. "रंभाबाईंचा फोटो बघितला नेऱ्याला," ते म्हणाले. "जिलेबीच्या ताटासंगं. मला वाटलं, तुझं नीट आसावं. आवाज बी आसावा. नंतर... मंजे..."

"मंजे मी मेल्यावं."

सारजाबाईंनी तोंडाला पदर लावला. "हैबती, मला एका शब्दानं तरी..." त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

"एवढंच व्हय!" म्हातारी खुदकन हसली. "त्याला कशाला पंधरा दिस लपाछपी केलीस? मेल्यावं बघाया पायजे, म्हनून सरळ सांगायचं. मी काय एकटीच मरनार हाय जगात?"

पहिल्यांदा साधनाबाई हसल्या, मग सोनल, मग रामदास. हैबतरावांना हसायचं की रडायचं हे ठरेपर्यंत आईनं फर्मावलं, "तू बी जा तितं. त्येंच्यात बस. समद्यांला एकदम बघू दे." ते जाऊन रामदासच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. बॅटरी संपेपर्यंत तुळजाबाईंनी कॅमेरा कुणाच्या हाती दिला नाही. कोण किती वाळलं, कोण किती सुटलं, कुणाच्या कानात नवी कुडी आली, कुणाचा दात पडला, सगळी दोन वर्षांची बाकी त्यांनी त्या एका दुपारी बघून घेतली. मध्येच झूम कुंपणाकडे गेला आणि आवाज आला, "बहिरू, कोरड्या भित्तीला पानी काय मारतोस? ये, च्या घे." बहिरू आले, पण बसले ते भिंगाच्या मागच्या बाजूला.

दोघं भाऊ आईला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनची तारीख ठरली, ती मोडली, परत ठरली, कारण तुळजाबाईंचं म्हणणं, यंत्र आहे तर डोळे कापायचे कशाला? कॅमेऱ्यातून डॉक्टरचं तोंड नीट बघून घेतल्यावरच त्यांनी होकार दिला. माणूस बरा दिसतो, म्हणाल्या, पण रात्री झोपत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी हैबतरावांनी केबल लावून त्या रविवारचं शूटिंग टीव्हीवर लावलं. आईची खुर्ची टीव्हीपासून हातभर अंतरावर. रामदास न बोलावता आला आणि दारातली जागा सोडून आत, आईच्या पायाशी बसला. तासभर चाललं. सारजाबाईचे गाल, सोनलचा पदर, रामदासचे पांढरे केस, आपलं स्वतःचं अवाढव्य नाक, सगळं इतकं स्पष्ट की भुवईचा केस न् केस मोजावा. हैबतराव पुढं पुढं सरकून बघत होते. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला. ज्याच्यासाठी पुण्याचं दुकान पालथं घातलं, पावती सोडली, बांधावर तमाशा झाला, कचेरीत मान खाली घातली, ते त्यात एकदाही नव्हतं. नुसता मागून आवाज, आणि एकदा कोपऱ्यात अंगठा.

"आई, ह्यात तू कुटंच न्हाईस," ते म्हणाले.

"मी कशाला पायजे त्यात?" म्हातारी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "मी हाय की हितं. मागं ने जरा. रामदास हसतोय ना, तितनं लाव परत."